एक वर्ष परक्या घरी

तुमच्या गावात पोलिओचे डोस पाजण्याचा कार्यक्रम झाला असेल, तेव्हा बूथवरच्या कापडी फलकावर एक पिवळे दातेरी चाक काढलेले तुम्ही पाहिले असेल. ते चाक रोटरी क्लबचे. तालुक्याच्या गावी मोतीबिंदूचे शिबिर भरते, तेव्हा पुष्कळदा लायन्स क्लबचे नाव कानावर येते. या मंडळींची ही कामे आपल्या परिचयाची आहेत. पण हीच मंडळी आणखी एक उद्योग करतात, आणि त्याची वार्ता खेड्यापर्यंतच काय, मुंबईतल्या चिंचपोकळीसारख्या कामगारवस्तीपर्यंतसुद्धा फारशी पोचलेली नाही. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना ते परदेशातल्या एखाद्या घरी राहावयास पाठवतात, आणि तिकडची मुले आपल्याकडच्या घरांत आणून ठेवतात. यालाच विद्यार्थी-विनिमय म्हणतात. त्याविषयी आज तुमच्याशी बोलावयाचे आहे, विशेषेकरून हायस्कुलातल्या गुरुजींशी आणि बाईंशी. कारण कोणत्या मुलाला पाठवावे हा प्रश्न शेवटी तुमच्याच दाराशी येऊन थांबतो.

चिंचपोकळीचे नाव मी मुद्दाम घेतले. मध्य रेल्वेवर भायखळा सोडले आणि करी रोड यावयाचे आहे, त्यांच्यामध्ये हे स्टेशन लागते. चिंचेच्या झाडांवरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. आता तिथे चिंचा शोधूनही सापडावयाच्या नाहीत. स्टेशनाच्या पश्चिमेस कस्तुरबा रुग्णालयावरून जो रस्ता जातो त्याला जुनी माणसे अजून आर्थर रोड म्हणतात, पण त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग. गुरुजी म्हटले की आपल्याला श्यामची आई आठवते. अखेरच्या वर्षांत मात्र त्यांनी आंतरभारतीचा ध्यास घेतला होता. रवींद्रनाथांची विश्वभारती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. एका प्रांताच्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्यांच्यात जाऊन राहावे, त्यांची गाणी आपली करावीत, असे त्यांना वाटे. १९५० च्या जून महिन्यात गुरुजी गेले. देशाच्या आत जे व्हावे असे त्यांना वाटत होते, तेच देशाच्या सीमेपलीकडे करण्याचा हा विनिमयाचा खटाटोप आहे.

आता तुम्ही म्हणाल, पंधरा वर्षांचे पोर परक्याच्या घरी वर्षभर ठेवावयाचे, हे काही आपल्या रीतीला धरून नाही. असे म्हणण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहावे. वार लावून जेवणे म्हणजे काय हे वडीलधाऱ्यांना विचारा. गरिबाचा मुलगा शिक्षणासाठी शहरात येई, आणि सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात घरी सात वार जेवून शिके. प्रत्येक घरची चव निराळी, शिस्त निराळी, बोलणेही निराळे. पुढे नावारूपाला आलेली कितीतरी माणसे अशी परक्याच्या पानावर वाढलेली आहेत. इथल्या गिरणगावात तर कोकणातून आणि घाटावरून मिसरूड न फुटलेली पोरे येत, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकीत आणि खानावळवालीच्या घरी जेवत. ती शिकावयास आली नव्हती, पोटासाठी आली होती, हे खरे. पण परक्या घरात कसे वागावे, कुठे गप्प बसावे, कुठे हात पुढे करावा, हे शिक्षण त्यांनाही मिळालेच.

आणि साताऱ्याचे उदाहरण तर शिक्षकांना सांगावयास नकोच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे म्हणून वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. योगायोग असा की त्याच १९२७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरातल्या रोटरी क्लबाने युरोपातल्या शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. पहिले महायुद्ध संपून तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती. एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या देशांची मुले एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसली तर पुढची पिढी थोडी निराळी निघेल, अशी ती आशा. दुसऱ्या महायुद्धाने ती तेव्हा खोटी ठरवली, हेही सांगितले पाहिजे. युद्धात सगळे बंद पडले, आणि युद्ध संपताच मंडळींनी पुन्हा तेच काम हाती घेतले. मला त्या पहिल्या सुरुवातीपेक्षा या दुसऱ्या सुरुवातीचे कौतुक अधिक वाटते.

क्लब म्हणजे नेमके काय, तेही थोडक्यात सांगतो. १९०५ साली अमेरिकेत शिकागो येथे पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या काही स्नेह्यांना जमवले. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, आपली भिशी जशी घरोघर फिरते तशी, म्हणून नाव पडले रोटरी. आपल्या देशात कलकत्त्याला १९१९ साली आणि मुंबईला १९२९ साली रोटरी क्लब निघाले. लायन्स ही संस्था १९१७ सालची, तीही अमेरिकेतली. भारतात ती १९५६ साली आली आणि तरुणांच्या विनिमयाचे काम तिने १९६१ साली अंगावर घेतले. लायन्सचा मुक्काम सुट्टीतल्या काही आठवड्यांचा असतो, थोडा घरी आणि थोडा शिबिरात. रोटरीचे दोन प्रकार आहेत. एक काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतचा, आणि दुसरा पुऱ्या शालेय वर्षाचा. १९७२ साली रोटरीच्या मध्यवर्ती मंडळाने हे काम जगभरच्या क्लबांनी करण्याजोगे आहे अशी शिफारस केली, आणि त्यानंतर ते दूरवर पसरले. ए. एफ. एस. नावाची तिसरी एक संस्था आहे. ती क्लबांपैकी नव्हे, पण तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दोन्ही महायुद्धांत जखमींना गाडीतून वाहून नेणारे जे स्वयंसेवक होते, त्यांनीच १९४७ पासून शाळकरी मुलांना देशोदेशी पोचवण्याचे काम सुरू केले. गाडी हाकणारे तेच, फक्त उतारू बदलले.

वर्षभराच्या विनिमयाची रीत अशी. मुलगा आपल्या भागातल्या क्लबाकडे अर्ज करतो. त्यासाठी आईबाप क्लबाचे सभासद असावेच लागतात असे नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण इथेच माघार घेतात. अर्ज लांबलचक असतो. त्यात शाळेचे गुण, शिक्षकांची शिफारस, डॉक्टरांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा दाखला, घरची छायाचित्रे आणि यजमानांना लिहिलेले पत्र अशी बरीच जोडणी लागते. मग मुलाची मुलाखत होते आणि त्याच्या आईबापांचीही होते. देशांची आवड विचारतात, पण हवा तोच देश मिळेल असे कोणी वचन देत नाही. अमेरिका मागावी आणि ब्राझील पदरात पडावे, असे होते. माझे मत विचाराल तर त्यात नुकसान काहीच नाही. उलट जिथे इंग्रजीचा आधार सुटतो तिथेच मूल खरे शिकते.

तिकडचा क्लब मुलाची हमी घेतो. शाळेत नाव घालतो, दरमहा थोडा हातखर्च देतो आणि एक पालक-सल्लागार नेमतो. हा सल्लागार यजमान कुटुंबातला नसावा असा कटाक्ष असतो, म्हणजे घराविषयी तक्रार असली तर मोकळेपणाने सांगता यावी. राहणे बहुधा एकाच घरी नसते. वर्षभरात दोन-तीन कुटुंबे बदलतात. वार लावण्याशी याचे नाते आहे, ते इथे दिसते. यजमानांना यासाठी पैसे मिळत नाहीत. ते मुलाला जेवू घालतात, रागावतात, आजारी पडला तर रात्र जागतात. मुलाने त्यांना आई, बाबा म्हणावे अशी पद्धत आहे, आणि काही महिन्यांनी ते म्हणणे उसने राहत नाही.

नियम कडक आहेत. गाडी चालवावयाची नाही, दारूला शिवावयाचे नाही, अमली पदार्थ वर्ज्य, आणि प्रेमप्रकरणात गुंतावयाचे नाही. इंग्रजीत या चारही गोष्टींची सुरुवात एकाच अक्षराने होते, म्हणून मुले त्यांना 'चार डी' म्हणतात. यातला एक जरी मोडला तरी पुढच्या विमानाने घरी पाठवू शकतात. आईबापांवरही एक बंधन आहे. मुलाला भेटावयास मधेच जाऊ नये अशी अपेक्षा असते, आणि फोनही बेताने करावा. पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागत, तेव्हा हे आपोआप जमे. आता रोज संध्याकाळी आई पडद्यावर दिसते आणि 'आज काय जेवलास' म्हणून विचारते. त्यामुळे पोर देहाने जर्मनीत आणि मनाने कराडात राहते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घरची आठवण फार दाटून येते. नवलाई ओसरलेली असते, भाषा अजून हाती आलेली नसते, वर्गात विनोदाला सगळे हसतात आणि आपण नुसते पाहत राहतो. ते दिवस त्या घरच्या माणसांच्या आधाराने काढले म्हणजे पुढची वाट सोपी होते. त्या दिवसांत फोनवर रडून 'मला न्या' म्हणणाऱ्या मुलाच्या आईबापांनी धीर धरावा. मात्र मूल भ्याले आहे, कोणी त्याच्याशी वावगे वागते आहे, असा नुसता संशय आला तरी धीर धरू नये. त्याच दिवशी सल्लागाराला आणि क्लबाला कळवावे. यजमान घरांची आधी भेट घेऊन चौकशी करावी, जबाबदार माणसांची पार्श्वभूमी तपासावी, आणि गैरवर्तनाची तक्रार पोलिसांपर्यंत न्यावी, असे आता नियमच आहेत. जाण्यापूर्वी आईबापांनी ते क्लबाकडून मागून घेऊन वाचावेत. 'मोठी माणसे आहेत, कसे विचारावे' हा संकोच इथे कामाचा नाही.

विनिमय म्हणजे एकतर्फी जाणे नव्हे. आपल्याकडे लग्नात साटेलोटे करतात ना, तसे थोडेसे हे आहे. आपले मूल त्यांच्या घरी, त्यांचे आपल्या घरी. ज्यांचे मूल बाहेर गेले आहे त्या कुटुंबाने येणाऱ्या एखाद्या मुलाला काही महिने ठेवावे, अशी बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते. परदेशी मूल घरी उतरले की चोवीस तासांत त्याची नोंद करावी लागते, हे यजमानाने विसरू नये.

आपल्या घरात या मुलांना त्रास होतो तो बहुधा पाहुणचाराचा. आपण पाहुण्याला देव मानतो आणि देवासारखाच एका जागी बसवून ठेवतो. ताट वाढून देतो, उचलू देत नाही, आग्रह करकरून पोट बिघडवतो. वर्षभर राहणाऱ्याला हे सोसवत नाही. त्याला आपले ताट घासू द्यावे, दळण आणावयास पाठवावे, घरच्या पोराला जसे 'अरे, उठ आता' म्हणतो तसे म्हणावे. मग ते बादलीतल्या पाण्याने अंघोळ करावयास शिकते, हाताने भात कालवावयास शिकते आणि प्रश्न विचारू लागते. भाद्रपदात चिंचपोकळीच्या चिंतामणीला त्याला घेऊन जा. १९२० साली स्थापन झालेले हे मंडळ, त्याची गर्दी, ढोल, सारे पाहून ते चकित होते, आणि अनंतचतुर्दशीला विचारते, 'इतकी सुंदर मूर्ती तुम्ही पाण्यात का सोडता?' घरातल्या सगळ्यांची तोंडे एकमेकांकडे वळतात. आजवर कोणी विचारलेच नव्हते. आजी काही एक सांगते, कॉलेजातला दादा दुसरेच सांगतो, आणि त्या परक्या पोरामुळे घरात पहिल्यांदा त्या विषयावर बोलणे होते. हा लाभ विमानाचे तिकीट न काढता होणारा आहे.

आता अडचणीचा भाग. क्लब राहण्याजेवण्याची व्यवस्था करतो. पण जाण्यायेण्याचे तिकीट, विमा, व्हिसा आणि कार्यक्रमाची फी हा भार घरच्यांवर असतो, आणि तो लाखांतच मोजावा लागतो. धंदेवाईक कंपन्यांच्या मानाने तो पुष्कळ कमी, पण शेतमजुराला आणि चाळीतल्या माणसाला तो आवाक्याबाहेरचाच. दुसरे असे की घरी येणाऱ्या मुलाला स्वतंत्र खोली नसली तरी चालते. आपल्या वयाच्या मुलाबरोबर त्याला खोली वाटून घेता येते, मुलाने मुलाबरोबर आणि मुलीने मुलीबरोबर. पण पलंग मात्र त्याचा स्वतःचा असावा लागतो. चिंचपोकळीपासून जवळच ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या, तिथली खोली १६० चौरस फुटांची. तिथे घरच्या पोरांना आळीपाळीने गॅलरीत निजावे लागे, मग पाहुण्याची खाट कुठे टाकावयाची? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या. परदेशी मूल आले तर त्या इमारतीतल्या बाराव्या मजल्यावर उतरावयाचे. समोरच्या चाळीतल्या पोराला ते रस्त्यात दिसते तेवढेच. विनिमयाचा हेतू माणसांची ओळख व्हावी हा आहे, आणि ओळख होते ती बहुतांशी बरोबरीच्या पैशाच्या घरांची. हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

तो सगळाच्या सगळा दूर करणे तुमच्या-माझ्या हाती नाही. काही क्लब होतकरू मुलाचा खर्च वाटून घेतात. विचारले पाहिजे, आणि शाळेच्या कागदावर लेखी विचारले पाहिजे. अमेरिकी सरकारने २००२ साली सुरू केलेल्या एका योजनेतून भारतातली मुले पूर्ण शिष्यवृत्तीवर वर्षभर तिकडे राहून आली. अशा योजना चालू होतात, थांबतात, त्यांचे नियम बदलतात. तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता त्या-त्या वर्षी चौकशी करावी. आणि एक गोष्ट मात्र अगदी बिनखर्चाची आहे. आलेल्या प्रत्येक परदेशी मुलाने आपल्या देशाविषयी लोकांना सांगावे, असे त्याच्यावर कर्तव्यच असते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या क्लबाच्या चिटणिसांना मुख्याध्यापकांनी पत्र लिहावे: 'आपल्याकडे कोणी विद्यार्थी आलेला असल्यास एक दिवस आमच्या शाळेत आणावा.' क्लबाच्या जबाबदार माणसाबरोबर तो येईल, पोरांबरोबर कबड्डी खेळेल, पंगतीला बसेल. नकाशावर बोट ठेवून शिकवलेला देश त्या दिवशी चालत वर्गात येतो.

पाठवावयाचे मूल निवडताना शिक्षकांनी गुणपत्रिकेकडे पाहावे, पण तिच्याचकडे पाहू नये. पहिला नंबर येणारा मुलगा कित्येकदा 'मला समजले नाही' असे म्हणावयास लाजतो, आणि परक्या देशात तर दिवसातून पन्नास वेळा तेच म्हणावे लागते. वर्गात हात वर करून वेडगळ प्रश्न विचारणारी मुलगी, यात्रेत अनोळखी माणसांशी बोलणारा, पडेल ते काम करणारा, हसण्यावारी नेता येणारा, अशी मुले तिथे टिकतात. इंग्रजी कच्चे म्हणून कोणाला बाद करू नका. अर्ज आणि मुलाखत यांपुरते इंग्रजी लागते, ते चार महिन्यांत करून घेता येते. पुढे फ्रान्समध्ये फ्रेंचच लागावयाचे आणि जपानमध्ये जपानीच. घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलून शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुलाला एका बोलीतून दुसरीत उडी मारण्याचा सराव लहानपणापासून असतो. हे त्याचे भांडवल आहे, त्याला ते ठाऊक नसते, एवढेच.

यजमानांना लिहावयाचे पत्र त्याचे त्यालाच लिहू द्या. तुम्ही सुधारून द्याल तर त्यातून ताजमहाल आणि योगासने निघतील. त्याने आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, घरची म्हैस कोण काढते, पहाटेचे पाणी कोण भरते, भावंडात भांडण कशावरून होते, हे लिहावे. मांस खात नसेल, किंवा एखादेच खात नसेल, तर तेही स्पष्ट लिहावे. संकोचाने लपवले तर पहिल्याच जेवणाला पंचाईत होते, त्याचीही आणि वाढणारीचीही.

शाळेच्या वर्षाचे काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. तिकडे काढलेले वर्ष आपल्याकडे अकरावी म्हणून सहसा धरत नाहीत. परत आल्यावर अकरावीतच बसावे लागते आणि बरोबरीची मुले एक इयत्ता पुढे गेलेली असतात. हे आधीच कबूल करून घ्यावे. नाहीतर परत आलेल्या मुलाला घरचेच 'वर्ष फुकट गेले' म्हणून टोमणे मारतात. दहावीची परीक्षा झाल्यावर जाणे त्यातल्या त्यात सोयीचे, कारण मार्चमध्ये परीक्षा संपते आणि युरोप-अमेरिकेतल्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात उघडतात. पण त्यासाठी क्लबाकडे चौकशी दहावीच्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी करावी लागते, म्हणजे नववी संपतानाच कागदपत्रांना हात घातलेला बरा.

कागदपत्रांत आपल्याकडे घात होतो तो नावाचा. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरात दुसरे, आधारकार्डावर बापाचे नाव आडनावाच्या जागी, आणि जन्मतारीख शाळेत घालताना कोणीतरी अंदाजाने सांगितलेली. पासपोर्टाच्या कचेरीत हे चालत नाही. शिक्षकांनी नववीच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांचे हे तीन कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत. परदेशी कोणी जावो वा न जावो. शाळेच्या रजिस्टरातली दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी झाली तर मुख्याध्यापकांमार्फत सुकर होते. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचे नाव एकदा छापून आले, की मग पुढे हेलपाटे फार.